शेजारधर्म आणि धर्मप्रसार

धर्मांतर, मिशन, सुवार्ता हे शब्द कानांवर पडले की देवस्थानांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या समाजाचे मन स्वस्थ राहत नाही. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये खाडी ओलांडून प्रियोळास का गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास का गेली, हे आपल्या घरांतून मुलांना कळत्या वयापासून सांगितले जाते. ज्या समाजाने आपले देव रात्रीच्या अंधारात डोक्यावरून वाहून नेले, त्याने धर्मप्रसाराकडे साशंक दृष्टीने पाहिले तर त्याला दोष देता येणार नाही.

तथापि आम्ही आज ज्याविषयी लिहीत आहो तो प्रकार निराळा आहे. त्यात राजसत्ता नाही, दुष्काळातील धान्याची कोठी नाही, बाजारातील व्याख्यानही नाही. कचेरीतला सोबती, रुग्णालयातली परिचारिका, आगगाडीतला सहप्रवासी आपल्या रोजच्या वागण्यातून आणि प्रसंगी दोन शब्दांतून आपल्या श्रद्धेची ओळख करून देतो, एवढेच त्याचे स्वरूप. ख्रिस्ती मंडळी यास 'साक्ष' म्हणतात. ही साक्ष प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे द्यावी, ज्याला बोलता येते त्याने बोलावे, ज्याला येत नाही त्याने सेवा करावी, कुणी शेजाऱ्यास जेवू घालावे, कुणी आपल्याच आयुष्याची कथा सांगावी, असा उपदेश करणारे वाङ्मय त्या समाजात विपुल आहे. त्यातील पुष्कळ भाग कोणत्याही धर्माच्या सज्जनास मान्य होईल असा असतो. तरीही एक प्रश्न उरतो आणि तोच या लेखाचा विषय होय: शेजाऱ्याशी जोडलेले प्रेम हे शेजाऱ्यासाठी आहे, की त्याला कोठे तरी नेऊन पोचवण्यासाठी आहे?

या प्रश्नाचे उत्तर तर्काने शोधण्यापेक्षा आपल्या भाषेतील ग्रंथांपाशी शोधावे, असे आम्हांस वाटते. मराठीत ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा चारशे वर्षांची आहे. आणि आम्ही जेथून हे लिहीत आहो त्या बारडोलीच्या मातीलाही याविषयी काही सांगावयाचे आहे.

आरंभ साष्टीपासून केला पाहिजे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. कोकणीचे व्याकरणही त्यांनीच रचले आणि ते त्यांच्या पश्चात १६४० मध्ये छापून निघाले. परक्या मुलखातून आलेल्या या माणसाने आपल्या भाषांवर केलेले प्रेम खोटे होते असे कोणीही रसिक म्हणणार नाही. ओवीची लय, पुराणिकाची बैठक, श्रोत्याला सांभाळून घेण्याची हातोटी हे सारे त्यांनी ऐकून, मुरवून घेतले होते. नवख्रिस्ती झालेल्यांना पुराणश्रवणाची ओढ होती, ती जाणून त्यांनी त्यांच्याच छंदात त्यांना नवे पुराण दिले. पुस्तकांतून न शिकवता येणारी वैयक्तिक साक्ष ती हीच.

परंतु ग्रंथाचे मोल करताना तो ज्या अंगणात वाचला जात होता ते अंगणही पाहावे लागते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. कुंकळ्ळीस १५८३ च्या जुलैत पाच जेझुइट मारले गेले आणि पुढे त्या गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यावर बोलावून ठार मारण्यात आले. श्रोत्याची जुनी पुराणे हिरावून घेतल्यावर नवे पुराण कितीही गोड गळ्याने गायले, तरी ऐकणाऱ्यास न ऐकण्याची मोकळीक कोठे होती? स्टीफन्स यांच्या ओवीत आर्जव आहे आणि त्या आर्जवामागे पोर्तुगीज सत्तेचा पहारा उभा आहे. 'क्रिस्तपुराणा'चे दुःख हेच आहे की त्याच्या कर्त्याचे प्रेम खरे असूनही ते कधी निर्मळपणे पारखले जाऊ शकले नाही. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला किंमत ती काय?

दुसरा टप्पा एकोणिसाव्या शतकाचा. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान आहे आणि तो योग्य आहे. येथे पहारेकरी नाही. लेखक आपल्याच समाजातून निघालेला, आपलीच भाषा बोलणारा आहे. हिंदू विधवांचे हाल त्याने ज्या कळवळ्याने मांडले आहेत तो कळवळा अस्सल आहे, आणि त्या काळी आपल्यापैकी फार थोड्यांनी तो दाखविला हेही कबूल केले पाहिजे. तरी कलाकृती म्हणून ग्रंथ दुबळा राहतो. त्याचे कारण असे की यमुनेला प्रवासात जी जी दुःखी स्त्री भेटते तिच्या दुःखाचे उत्तर लेखकापाशी आधीच तयार असते. पात्रे रडतात तीही युक्तिवादाच्या सोयीने रडतात. शेवटी यमुना ख्रिस्ती होते, तेव्हा तिने मार्ग शोधला असे वाटत नाही, तर लेखकाने तिला ठरल्या ठिकाणी उतरवून घेतले असे वाटते. जो दोष येथे कथेत दिसतो तोच रोजच्या जीवनातील प्रसारातही उतरतो. समोरच्या माणसाचे दुःख ऐकताना ज्याचे चित्त आपल्या उत्तराकडे लागलेले असते, त्याला ते दुःख पुरते ऐकूच येत नाही.

या दोन ग्रंथांच्या पुढे जेव्हा आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवतो, तेव्हा आपण एका वेगळ्याच घरात शिरलो असे जाणवते. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग निघाला तेव्हा लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठीतील थोर कवी आणि ख्रिस्ती सेवक. म्हणजे हे पुस्तक एका धर्मप्रसारकाच्या घरातून आलेले आहे. तरीही त्यात उपदेशाचे पान शोधून काढावे लागते. आमच्या मते मराठीतील सर्वांत मोठी ख्रिस्ती साक्ष हीच होय, आणि तिचे मोठेपण तिच्या या मौनात आहे.

टिळकांच्या परिवर्तनाची कथा प्रसिद्ध आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले आणि उतरताना त्या गृहस्थांनी त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. पुढे डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन धरले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. व्यक्तिगत साक्षीचा याहून ठळक दाखला प्रसारकांच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल. परंतु प्रसारकांच्या पुस्तकांतील कथा बहुधा येथेच संपते. लक्ष्मीबाईंची येथे सुरू होते.

कारण त्या दिवशी एका माणसाला शांती लाभली आणि दुसऱ्या एका माणसाचा संसार पायाखालून निसटला. पतीने धर्म बदलला तो पत्नीला विश्वासात घेऊन नव्हे. लोकांची बोलणी, आप्तांची काळजी, लहान मूल पदरी, आणि जिवंत नवऱ्यापासून ताटातूट. पुढची काही वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली आणि त्यांतला बराच काळ पंढरपुरात गेला. हा सारा भाग लक्ष्मीबाईंनी कोणावरही आरोप न करता लिहिला आहे, विनोदाचा धागा न सोडता लिहिला आहे, आणि म्हणूनच तो वाचवत नाही. 'वैयक्तिक' श्रद्धेची किंमत पुष्कळदा दुसरी व्यक्ती देत असते, हे सत्य एका ख्रिस्ती बाईने एका ख्रिस्ती घराविषयी सांगितले आहे. कोणत्याही टीकाकाराला ते इतक्या अधिकाराने सांगता आले नसते.

पुढे त्या पतीकडे परतल्या. परतल्या त्या ब्राह्मण म्हणूनच. आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. ज्यांच्या वडिलांना बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेववत नव्हती, त्यांच्या लेकीला हे सोवळे हाडामांसात भिनलेले होते. अशा घरात टिळकांनी काय केले? वाद घातले, नाही असे नाही. तो माणूस तापट होता, लहरी होता, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना देव्हाऱ्यात बसविलेले नाही. पण वादाने काही साधले नाही. साधले ते पाहण्याने. हा मनुष्य आपल्या ताटातले उचलून देतो, पैसा हाती टिकू देत नाही, दुष्काळातील पोरकी मुले घरी आणून पोटच्यांसारखी वाढवितो, हे त्या रोज पाहत होत्या, त्यावरून कुरकुरत होत्या आणि त्यांचेच हात त्या कामाला लागत होते. पुस्तकाची गंमत अशी की जातिभेदाची गाठ त्यांच्या मनात आधी सुटली, तीही कोणाच्या प्रवचनाने नव्हे. हे भेद देवाने केले की माणसाने, असा विचार त्यांचा त्यांनीच केला आणि एके दिवशी सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. पतीच्या आणि पत्नीच्या बाप्तिस्म्यांत पाच वर्षांचे अंतर आहे. ही पाच वर्षे, आणि एका छपराखालच्या त्या दोन चुली, यांत साक्षीचे सारे शास्त्र सामावले आहे असे आम्ही मानतो.

येथे एक शंका रास्त आहे. पत्नीला खरोखर नकार देता आला असता का? त्या काळच्या स्त्रीला नवऱ्यावाचून कोणता आसरा होता? ही शंका 'स्मृतिचित्रे' पूर्णपणे फेडीत नाही. परंतु पुस्तकातील बाई ज्या ठणठणीतपणे नवऱ्याशी भांडते, त्याला हसते, त्याच्या कवितेत आपली भर घालते, ती दबलेली नाही. टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिलेले 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर थांबले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नुसत्या आज्ञेत राहणाऱ्या पत्नीकडून हे होत नाही. मात्र वाङ्मय म्हणून 'ख्रिस्तायन' 'स्मृतिचित्रां'च्या पासंगास पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. एकात श्रद्धा हा विषय आहे, दुसऱ्यात ती बोलणाऱ्याच्या आवाजात मुरलेली आहे.

याच घरात अहमदनगरास त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून त्या घराचा त्यांच्यावरील जिव्हाळा तसूभरही उणावला नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांची जी चित्रे रेखाटली आहेत त्यांत एका आईचे कौतुक आहे. हातून निसटलेल्या आत्म्याची हळहळ त्यांत कोठे नाही. आमच्या प्रश्नाची कसोटी हीच आहे. ज्याने आपला धर्म घेतला नाही, त्याचे ताट दुसऱ्या दिवशी त्याच प्रेमाने मांडले जाते का?

टिळक स्वतःही या कसोटीकडे सरकत गेले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून मोकळे होऊन त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही स्थान होते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि तो प्रयोग तेथेच राहिला.

त्याचा एक धागा मात्र पुढे बारडोलीच्या बाजूस आला. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. पुण्याच्या या आश्रमात १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन नावाचा तरुण इंग्रज पाद्री आला. त्याच्यावर गांधीजींचा प्रभाव पडला. १९३० च्या चळवळीत बारडोली तालुक्यातील शेतकरी सारा न भरता घरेदारे सोडून शेजारच्या बडोदे संस्थानात गेले, खेडा भागातही तसेच घडले. गुजरातच्या त्या ओस पडलेल्या गावांविषयी एल्विन यांनी इंग्रजीत पुस्तिका लिहून सरकारचा रोष ओढवून घेतला. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह ते मंडला जिल्ह्यात गोंडांत जाऊन राहिले. गोंडांना ख्रिस्ती करण्याचे त्यांनी नाकारले, बिशपांशी त्यांचे पटेना, आणि १९३५ मध्ये त्यांनी आपले चर्च सोडले. साक्षीची वाट शेवटपर्यंत चालणाऱ्याला कधी कधी मिशनच सोडावे लागते, असा याचा अर्थ होतो. त्यात ख्रिस्ती वाचकास हानी दिसेल. आम्हांस त्यात एका प्रामाणिक माणसाने आपल्याच गुरूच्या शिकवणीचा शब्दशः घेतलेला अर्थ दिसतो.

बारडोली आपल्याला ठाऊक आहे ती १९२८ च्या सत्याग्रहाने. शेतसाऱ्यातील बावीस टक्क्यांची वाढ चौकशीअंती सुमारे सहा टक्क्यांवर आली, हा त्याचा हिशेब. परंतु आमच्या विषयाला अधिक जवळची गोष्ट १९४१ ची आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात सेवाग्रामहून बारडोलीस येताना गांधीजींनी आगगाडीत 'रचनात्मक कार्यक्रमा'ची प्रस्तावना लिहिली. त्या कार्यक्रमाचे पहिले कलम जातीय ऐक्याचे आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने अन्य धर्माच्या माणसांशी वैयक्तिक मैत्री जोडावी आणि त्यांच्या धर्माविषयी स्वधर्माइतकाच आदर बाळगावा, असे त्यात सांगितले आहे. साधन तेच, रोजच्या जीवनातील वैयक्तिक मैत्री. फरक एवढाच की येथे मैत्रीच्या पलीकडे कोणतेही मुक्कामाचे ठिकाण नाही. गुलाबाला आपल्या सुगंधाचा प्रचार करावा लागत नाही, ही गांधीजींची उपमा मिशनऱ्यांना उद्देशून होती. ती आपल्यालाही तितकीच लागू आहे.

कारण बारडोलीचे दुसरे चित्र आपल्या कौतुकाचे नाही. सत्याग्रह मुख्यतः जमीनधारकांचा होता. त्यांच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या कर्जापोटी राबणारे हाळी, ज्यांना 'दुबळा' म्हणत आणि पुढे 'हळपती' हे मानाचे नाव मिळाले, त्यांची सुटका त्या विजयात नव्हती. देव एकच मानणाऱ्या गावात मंदिराच्या पायरीवरून या माणसांशी कोण बोलले? १९२२ मध्ये या भागातील आदिवासींत देवीचे वारे आले. ते आपल्या पालघरच्या किनाऱ्यावरून निघून बागलाण आणि डांग ओलांडून सुरत जिल्ह्यात शिरले. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, एवढी आज्ञा. प्रचारक नाही, पुस्तक नाही, पैसा नाही. एका गावाने ऐकले आणि दुसऱ्या गावाला सांगितले. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात या चळवळीचा जो मागोवा घेतला आहे, त्यावरून दिसते की ज्यांना आपण अडाणी समजत होतो ते स्वतःच स्वतःचे सुधारक झाले होते. या कथेचा धडा मिशनऱ्यांना जितका, तितकाच आपल्यालाही आहे. माणसे कोणीतरी येऊन उद्धरण्याची वाट पाहत बसलेली नसतात. त्यांना मान हवा असतो, आणि तो ज्या दारात मिळतो त्या दारात ती जातात. याच पट्ट्यात व्यारा-डांगकडे आज ख्रिस्ती वस्त्या आहेत. त्यांच्याकडे बोट दाखविताना आपले दार तेव्हा उघडे होते का, हेही विचारले पाहिजे.

कायद्याचा आधार घेता येतो आणि काही ठिकाणी घेतलाच पाहिजे. नियोगी समितीने १९५६ मध्ये मध्य प्रदेशातील गैरप्रकार मांडले. धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. गुजरातेत बळजबरी, आमिष व फसवणूक यांविरुद्ध २००३ चा कायदा आहे आणि २०२१ मध्ये तो अधिक कडक झाला. परंतु कायद्याला हात दिसतो, हेतू दिसत नाही. आजारी शेजारणीसाठी पेज घेऊन आलेली बाई प्रेमाने आली की हिशेबाने, हे कोणत्याही अधिकाऱ्याच्या परवान्याने ठरणार नाही. ते त्या शेजारणीला कळते, आणि बहुधा बिनचूक कळते.

म्हणून व्यक्तिगत साक्षीच्या मार्गाविषयी आमचा अभिप्राय असा. तो मार्ग मुळात निंद्य नाही. बाजारात उभे राहून परक्या देवाची टवाळी करण्यापेक्षा तो शतपट सभ्य आहे. मात्र त्याची 'पद्धत' बनली, भेटींची मोजदाद सुरू झाली, मित्राचे नाव यादीत चढले, की त्याच क्षणी त्यातला प्राण जातो. आणि हा धोका ख्रिस्ती समाजापुरता नाही. 'परत आणण्या'साठी वस्त्यांत जाणाऱ्या आपल्या मंडळींनीही हीच कसोटी स्वतःस लावावी. जो परत येत नाही त्याच्या घरी आपण पुन्हा जातो का?

ज्या कुंकळ्ळीने १५८३ चे रक्त पाहिले, तेथे आजही दरवर्षी फातर्प्याहून शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीची छत्र्यांची मिरवणूक आपल्या मूळ स्थानी येते. बारा छत्र्या, गावच्या बारा वांगडांच्या. त्या वांगडांतील पुष्कळ घरे चारशे वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झाली, तरी तो मान त्यांचाही आहे आणि ती मिरवणूक दोघांची आहे. तेथे कोणी कोणाला साक्ष देत नाही, कोणी कोणाला परत बोलावीत नाही. छत्री धरली जाते आणि देवी पुढे जाते.